शेतातला संडास आणि पाकिटातला पालक

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी ताट संपवा आणि मग हा भाग लावा. कारण आज आपण संडासाबद्दल बोलणार आहोत. घरातल्या नाही, शेतातल्या. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला संडास कुठे असतो, तो कुणी द्यायचा, आणि तो नसल्यामुळे भाजी खाणारा आजारी पडला तर दोष कुणाचा, असा हा विषय आहे. गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण या प्रश्नावर तिथे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आणि तिचे कागद शिल्लक आहेत. शेवटी थोडं आपल्याकडेही येऊ.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. काही बिघडलं की लॉग उघडायचे आणि मागे मागे जात कुठल्या बदलामुळे बिघडलं ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे या सगळ्या वाचनात मी पहिल्यांदा अडकलो तो एका छोट्याशा कोडपाशी. पी २२७ ए.

१४ सप्टेंबर २००६ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, लोकांना सांगितलं की पाकिटातला ताजा पालक खाऊ नका. ई. कोलाय ओ१५७ नावाचा जीवाणू त्यातून पसरत होता. २६ राज्यांत मिळून सुमारे २०० लोक आजारी पडले. शंभराहून जास्त लोकांना दवाखान्यात ठेवावं लागलं, ३१ जणांच्या किडन्यांवर गंभीर परिणाम झाला आणि तिघे दगावले. आरोग्य खात्याच्या लोकांनी रुग्णांच्या फ्रिजमधून उरलेली पाकिटं गोळा केली. त्यावर हा कोड छापलेला होता. पी म्हणजे पॅकिंग कुठल्या इमारतीत झालं, २२७ म्हणजे वर्षाचा दोनशे सत्ताविसावा दिवस, अर्थात १५ ऑगस्ट, आणि ए म्हणजे पहिली पाळी. बस. एवढ्यावरून तपास करणारे एका विशिष्ट पाळीपर्यंत पोचले, तिथून त्या पाळीत कुठल्या चार शेतांचा पालक आला होता तिथपर्यंत, आणि शेवटी सॅन बेनिटो परगण्यातल्या एका मोठ्या रँचवरच्या जेमतेम २.८ एकरांच्या तुकड्यापर्यंत. मी तर थक्क झालो. आमच्याकडे कधी कधी काल रात्री कुणी काय बदललं तेही सापडत नाही.

आता ऐका, तिथे काय सापडलं. तोच जीवाणू, अगदी त्याच जातकुळीचा, त्या रँचवरच्या गुरांच्या शेणात मिळाला, रानडुकरांच्या विष्ठेत मिळाला आणि नदीच्या पाण्यात मिळाला. पालकाच्या वाफ्यापर्यंत तो नेमका कसा पोचला हे अहवालात छातीठोकपणे सांगितलेलं नाही, पण संशयाची बोटं डुकरं, पाणी आणि गुरांची जवळीक यांच्याकडे जातात. ई. कोलाय ओ१५७ चं मुख्य घर गुरांचं आतडं आहे हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. शिवाय बेबी पालक बहुतेक ठिकाणी यंत्राने कापतात, हाताने खुडत नाहीत.

तरीही त्या दिवसांत बऱ्याच लोकांचा पहिला तर्क काय होता? शेतातले मजूर उघड्यावर बसत असणार, हात धूत नसणार. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आधीच लोकांच्या मनात निकाल लागलेला होता.

या तर्कात थोडं खरं आहे आणि बरंच खोटं आहे, आणि मला आज नेमकी तीच जागा उलगडायची आहे. थोडं खरं अशासाठी, की काही आजार खरोखरच माणसाच्या विष्ठेतूनच भाजीवर येतात. त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. पण 'मजूर उघड्यावर बसतात' हे वाक्य अर्धवट आहे. ते पूर्ण करायचं तर विचारावं लागतं, मग बसणार कुठे? आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला अमेरिकेच्या सरकारला पंधरा वर्षं लागली. तेही कोर्टाने मानगूट धरल्यावर.

जरा मागे जाऊ. १९३५ मध्ये अमेरिकेत कामगारांना संघटना बांधायचा आणि मालकाशी वाटाघाटी करायचा हक्क देणारा मोठा कायदा झाला. त्यातून शेतमजूर वगळले. १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला. त्यातूनही शेतमजूर वगळले. हे विसरून झालेलं नव्हतं. दक्षिणेतल्या मोठ्या जमीनदारांचं राजकीय वजन होतं, आणि तिथले मजूर मुख्यतः कृष्णवर्णीय होते. नंतर १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेतून मेक्सिकोहून लाखो मजूर कंत्राटावर आणले गेले. यांनी आवाज केला तर परत पाठवायचं. संडास मागणार कोण?

मागितला तो १९६५ च्या सप्टेंबरमध्ये डेलानो या गावात सुरू झालेल्या द्राक्षमजुरांच्या संपाने. पहिले उठले फिलिपिनो मजूर, लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली. आठवड्याभरात मेक्सिकन मजूर सामील झाले, ते सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेचे. चावेझ गांधीजींना मानायचे, १९६८ मध्ये त्यांनी २५ दिवसांचं उपोषण केलं, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. पण इतिहासाच्या पुस्तकात उपोषण येतं, मागण्यांची यादी येत नाही. त्या यादीत मजुरीच्या बरोबरीने काय होतं, तर शेतात संडास, हात धुवायला पाणी, प्यायला स्वच्छ पाणी. त्या काळी कित्येक शेतांवर सगळ्या टोळीने एकाच डब्याला तोंड लावून पाणी प्यायचं अशी पद्धत होती. १९६६ मध्ये शेन्ली या कंपनीशी झालेला करार आणि १९७० मध्ये द्राक्षबागायतदारांशी झालेले करार यांत या सोयी आल्या. पण करार झाला तिथेच. बाकीच्या देशात शेत म्हणजे मोकळं आभाळ.

आणि बाईमाणसाचं काय होत असेल याचा विचार करा. कॅलिफोर्नियातली लेट्यूसची शेतं सपाट असतात, मैलभर आडोसा नाही. मग उपाय एकच, पाणीच प्यायचं नाही. भर उन्हात, वाकून काम करताना. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, उष्माघात होतो. संडास नसल्याचा पहिला बळी ती भाजी खुडणारी बाई असते. सॅलड खाणारा फार नंतर येतो.

१९७० मध्ये अमेरिकेत कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्यासाठी ओशा नावाची यंत्रणा आली. तिने कारखाने, दुकानं, गोदामं यांच्यासाठी स्वच्छतागृहांचे नियम लगेच लागू केले. शेती वगळून. पुन्हा! म्हणून १९७२ मध्ये शेतमजुरांच्या बाजूने अर्ज झाला की आम्हालाही नियम करा. काही हललं नाही, तेव्हा १९७३ मध्ये कोर्टात केस गेली.

या केसची गंमत तिच्या नावात आहे. अमेरिकेत सरकारविरुद्धच्या अशा केसमध्ये त्या वेळच्या कामगारमंत्र्याचं नाव लागतं. तर या एकाच भांडणाच्या निकालांवर युझरी हे नाव आहे, मग मार्शल, मग डोनोव्हन आणि शेवटी ब्रॉक. मंत्री बदलत गेले, अध्यक्ष बदलत गेले, रिपब्लिकन आले, डेमोक्रॅट आले, पुन्हा रिपब्लिकन आले. संडास काही आला नाही. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांची आठवण झाली ना? दर वेळी खात्याचं म्हणणं एकच, आमच्यापुढे याहून महत्त्वाची कामं आहेत. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि ठरावीक मुदतीत नियम करायचा प्रामाणिक प्रयत्न करू असं सरकारने कबूल केलं. १९८४ मध्ये मसुदा आला. १९८५ च्या एप्रिलमध्ये ओशाने सांगितलं की आम्ही नियम करणार नाही, हे राज्यांनी बघावं. म्हणजे तेरा वर्षांनी काम 'होणार नाही' असा शेरा मारून फाइल बंद. मग नवे मंत्री ब्रॉक आले. त्यांनी मान्य केलं की गरज आहे, पण आधी राज्यांना थोडा वेळ देऊ.

६ फेब्रुवारी १९८७ ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने हे ऐकून घेणं थांबवलं. निकालपत्रात खात्याला अतिशय कडक शब्दांत सुनावलं आणि ३० दिवसांत नियम काढा म्हणून आदेश दिला. १ मे १९८७ ला नियम प्रसिद्ध झाला. कामगार दिनाला! अर्थात अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरमध्ये असतो, त्यामुळे ही निव्वळ तारखेची गंमत.

नियम काय होता, तो नीट ऐका, कारण त्यातले आकडे बोलके आहेत. दर २० मजुरांमागे एक संडास आणि हात धुवायची एक सोय. चालत पाव मैलाच्या आत, म्हणजे साधारण ४०० मीटर. प्यायला गार, शुद्ध पाणी, आणि एकमेकांचा पेला वापरायला बंदी. तो डेलानोचा डबा इथे येऊन कायद्याने संपला. मालकाने मजुरांना सांगायचं की पाणी पीत राहा आणि लघवी दाबून ठेवू नका. हे वाक्य सरकारी नियमात लिहावं लागलं, यावरून परिस्थितीचा अंदाज करा.

आणि नियम कुणाला लागू? ११ किंवा जास्त मजूर असतील तिथे. अकराच का? तर १९७६ पासून संसद ओशाच्या खर्चाच्या बिलातच एक अट घालत आली आहे की दहा किंवा कमी मजूर असलेल्या शेतांवर या पैशातून काहीही करायचं नाही. लहान शेतकऱ्याला त्रास नको म्हणून. मला हे समजतं, माझे काका कोरडवाहू शेती करतात. पण दहाव्या मजुराचं मूत्राशय अकराव्यापेक्षा वेगळं असतं का? शिवाय दिवसात तीन तास किंवा त्याहून कमी काम असेल तर संडास नसला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट नियमात दिसत नाही, ती पैशात दिसते. बरेच मजूर नगावर काम करतात. जितके खोके भराल तितके पैसे. ४०० मीटर जायचं, ४०० मीटर यायचं, मध्ये रांग. दहा-पंधरा मिनिटं गेली, म्हणजे काही खोके गेले. सोय आहे पण वापरली की खिशाला भोक. कॅलिफोर्नियात नगावर काम करणाऱ्यांना विश्रांतीच्या वेळेचे पैसे वेगळे द्यायचे, हे कायद्यात स्पष्टपणे लिहिलं गेलं ते थेट २०१६ पासून.

इथपर्यंतची लढाई मजुराच्या हक्काची होती. आता दुसरी बाजू येते, खाणाऱ्याची.

१९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि कॅनडात सायक्लोस्पोरा नावाच्या एका सूक्ष्म परजीवीमुळे १,४६५ लोकांना जुलाब लागले. साधे नाहीत, आठवडेच्या आठवडे चालणारे. सुरुवातीला टेक्सासच्या आरोग्य खात्याने कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवर संशय घेतला. लोकांनी स्ट्रॉबेरी घेणं बंद केलं आणि तिथल्या उत्पादकांचं कोट्यवधी डॉलरचं नुकसान झालं. नंतर तपासात निघालं की फळ वेगळंच होतं, ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरी. स्ट्रॉबेरी आणि रासबेरी एकाच ताटात वाढलेल्या असायच्या, आणि लोकांना आठवायची ती स्ट्रॉबेरी.

पुढच्याच वर्षी मात्र स्ट्रॉबेरी खरंच सापडली. १९९७ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या शाळांमध्ये हेपटायटिस ए पसरला. मिशिगन आणि मेन मिळून २०० हून जास्त मुलं आणि शिक्षक आजारी. कारण शाळेच्या जेवणातली गोठवलेली स्ट्रॉबेरी. ती पिकली होती मेक्सिकोत, प्रक्रिया झाली सॅन दिएगोच्या एका कंपनीत, आणि सरकारच्या शालेय आहार योजनेला विकताना ती अमेरिकेत पिकलेली आहे असं खोटं लिहून दिलं होतं. म्हणजे डेटाच खोटा. माग काढायचा तर लेबल खरं पाहिजे ना. प्रक्रियेच्या स्ट्रॉबेरीचा देठ शेतातच हाताने काढतात, म्हणजे फळाला हात लागतोच. आणि हेपटायटिस एचा विषाणू गोठवून मरत नाही.

त्याच वर्षी १३ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनविल गावात हजारो लोकांचा मोर्चा निघाला होता. स्ट्रॉबेरी मजुरांचा. मागण्यांमध्ये होतं काय? शेतात स्वच्छ पिण्याचं पाणी आणि संडास. नियम होऊन दहा वर्षं झाली होती. एकाच महिन्यात एकीकडे शाळकरी मुलांना कावीळ झाल्याच्या बातम्या आणि दुसरीकडे हा मोर्चा. दोन्ही बातम्या एकच आहेत हे तेव्हा किती वाचकांच्या लक्षात आलं असेल?

आता इथे थोडं विज्ञान सांगतो, कारण त्याशिवाय दोष कुणाचा हे ठरवता येत नाही. हेपटायटिस ए झालेला माणूस सगळ्यात जास्त संसर्ग पसरवतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. त्यात लहान मुलांना बऱ्याचदा लक्षणं दिसतच नाहीत, आणि आईबापांबरोबर मुलं शेतात असतील तर संसर्ग त्यांच्याकडूनही येऊ शकतो. सायक्लोस्पोराचं तर आणखी वेगळं. तो फक्त माणसाच्या पोटात वाढतो, पण विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच संसर्ग करू शकत नाही. त्याला बाहेर पिकायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणजे आज मजुराने हात धुतले नाहीत म्हणून तेवढ्यावरून उद्या तुम्हाला सायक्लोस्पोरा होणं कठीण. ती विष्ठा कुठेतरी पडून राहायला हवी, पाण्यात मिसळायला हवी आणि ते पाणी पिकावर यायला हवं. थोडक्यात, 'हात धुवा' अशी पाटी लावून हा आजार थांबत नाही. संडास बांधावा लागतो, त्याचा मैला नीट कुठेतरी न्यावा लागतो आणि पाण्याची खात्री करावी लागते. यातलं काहीही मजुराच्या हातात नाही.

२००३ ची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. पेनसिल्व्हेनियातलं मोनाका गाव, मॉलमधलं ची-चीज नावाचं मेक्सिकन पद्धतीचं रेस्टॉरंट. तिथे जेवलेल्या सुमारे ६०० लोकांना हेपटायटिस ए झाला, तिघे गेले. पहिला संशय कुणावर? स्वयंपाकघरातल्या कामगारांवर, कारण किमान १३ कामगारही आजारी होते. सरळ गणित वाटतं. पण तारखा लावून बघितल्यावर दिसलं की कामगार गिऱ्हाइकांच्या आधी आजारी पडलेच नव्हते, त्यांच्याबरोबरच पडले होते. म्हणजे ते आजार पसरवणारे नव्हते, त्यांनीही तेच अन्न खाल्लं होतं. खरा वाहक निघाला साल्सामधला कच्चा कांदापात, मेक्सिकोहून आलेला. पातीच्या पदरांमध्ये अडकलेला विषाणू धुऊन पूर्ण जात नाही. आम्ही ज्याला टाइमस्टँप म्हणतो, त्याने इथे तेरा माणसांची अब्रू वाचवली.

आणि २०१५ मध्ये तर एफडीएने लिहूनच टाकलं. मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातल्या कोथिंबिरीमुळे सायक्लोस्पोरा दर उन्हाळ्यात येत होता. तिथल्या ११ शेतांची आणि पॅकिंगच्या जागांची पाहणी झाली, ८ ठिकाणी परिस्थिती आक्षेपार्ह निघाली. काही शेतांत माणसाची विष्ठा आणि संडासचा कागद. काही ठिकाणी साबण नाही, पाणी नाही, तर काही ठिकाणी संडासच नाही. मग एप्रिल ते ऑगस्ट या महिन्यांत त्या कोथिंबिरीची आयात रोखली.

बघा, इथे मजूर उघड्यावर बसला हे शंभर टक्के खरं आहे. तरी मी त्याला दोषी म्हणायला तयार नाही. त्याने काय करायचं होतं?

मग जबाबदारी कुणाची? कागदावर बघितलं तर अमेरिकेचा कायदा खाणाऱ्याच्या बाजूने बराच उदार आहे. सदोष माल विकला तर विकणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नसते. माल दूषित होता आणि त्याने आजार झाला एवढं पुरे. त्यामुळे पालकासारख्या प्रकरणात पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याच्यापासून सगळ्या साखळीला पैसे मोजावे लागतात. त्या एका पाकिटामागे ब्रँड एकाचा, पॅकिंग दुसऱ्याचं, पीक तिसऱ्याचं आणि जमीन चौथ्याची होती. फौजदारी जबाबदारी मात्र क्वचित. २०११ मध्ये कोलोरॅडोच्या जेन्सन फार्म्सच्या खरबुजातून लिस्टेरिया पसरला आणि ३३ लोक मेले. कारण पॅकिंगची अस्वच्छ यंत्रणा. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, साथ सुरू व्हायच्या जरा आधीच खासगी ऑडिटरने त्यांना 'उत्तम' शेरा आणि १०० पैकी ९६ गुण दिले होते. ऑडिटरचे पैसे कोण देतं? ज्याचं ऑडिट आहे तो. दोघा भावांनी गुन्हा कबूल केला, २०१४ मध्ये शिक्षा झाली ती पाच वर्षं प्रोबेशन आणि त्यात सहा महिने घरीच नजरकैद.

मजुराच्या बाजूची साखळी मात्र वेगळीच चालते. त्याला कामावर घेतो कंत्राटदार. शेतमालक म्हणतो, माणसं माझी नाहीत. ब्रँड म्हणतो, शेत माझं नाही. १९८७ च्या नियमाने हे ओळखून मालकाची व्याख्या मुद्दाम रुंद केली. ज्याची जमीन, ज्याच्या फायद्यासाठी काम चालतं, जो देखरेख करतो, सगळे त्यात येतात. कागदावर छान आहे. पण तपासायला शेतात जाणार किती जण, आणि ज्याच्याकडे राहण्याची कागदपत्रं नाहीत तो मजूर तक्रार करायला जाणार कुठे?

त्यात दोन खाती. संडास हा कामगार खात्याचा विषय, दूषित भाजी हा अन्न खात्याचा. १९९८ मध्ये एफडीएने भाजीपाल्याच्या स्वच्छतेची मार्गदर्शिका काढली, तिच्यात १९८७ चा नियम पाळा असं सांगितलं, पण ती नुसतीच मार्गदर्शिका होती, बंधन नाही. बंधन आलं २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमाने. आता शेतात संडास आणि हात धुवायची सोय खाणाऱ्याच्या सुरक्षेसाठीही सक्तीची झाली. तोच संडास दुसऱ्यांदा कायद्यात आला, या वेळी दुसऱ्याच माणसाच्या नावाने. या नव्या नियमात आजारी मजुराला मालापासून लांब ठेवा असंही आहे. पण पगारी आजारपणाची रजा देणारा देशभराचा कायदा अमेरिकेत नाही. जुलाब होतायत असं सांगितलं तर दिवस बुडाला. मग सांगेल कोण?

हे सगळं वाचताना मला सारखं नाशिक आणि बीड आठवत होतं. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात. तिथल्या सुपरमार्केटना ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्रात बागेत काम करणाऱ्यांसाठी संडास आणि हात धुवायची सोय तपासली जाते. निर्यातीच्या बागांत त्यामुळे फरक पडला. लंडनमधल्या गिऱ्हाइकाच्या पोटाची काळजी म्हणून का होईना.

आणि ऊस? ऊस कारखान्यात जातो, रस उकळतो, साखर होते. त्यात जंतू टिकत नाही. ऊस तोडणाऱ्याने हात धुतले काय, न धुतले काय, साखर खाणाऱ्याला काहीच होणार नाही. म्हणजे अमेरिकेत ज्या धाकाने शेवटी संडास आला, तो धाक उसाच्या फडात नाहीच. बीडहून दर दिवाळीच्या आसपास जोडपी निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ कोपी टाकून राहायचं, अंधारात उठायचं, एक खाडा पडला की पैसे कापले जाणार. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, संडास नाही, पाणी बेताचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली होती. त्याची कारणं बरीच आहेत, खासगी दवाखान्यांचा धंदाही त्यात आहे, लवकर झालेली लग्नं आहेत. पण वारंवार होणारे संसर्ग आणि खाड्याची भीती हीसुद्धा त्यात आहेत.

इथे कुठलाही कोड मागे मागे नेत नाही. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, हंगाम असतो. ऊस कुणी तोडला हे कुठेच नसतं. आणि मुकादमाला विचारलं तर तो कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. कॅलिफोर्नियात हेच वाक्य इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये ऐकू येतं.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. खाणाऱ्याच्या भीतीवर उभा केलेला नियम भीती आहे तिथपर्यंतच पोचतो. द्राक्षाला पोचतो, उसाला नाही. अकरा मजुरांना पोचतो, दहांना नाही. १९७२ मध्ये अर्ज करणाऱ्यांनी मागितलं होतं ते कामावरच्या माणसाला दिवसभरात लागणारी गोष्ट म्हणून, आणि मला तीच मागणी जास्त बरोबर वाटते. साखर कारखान्याने फडाजवळ फिरते संडास आणि पाण्याचा टँकर ठेवायला किती खर्च येईल, हे गणित अवघड नाही. टोळी आज कुठल्या फडात आहे हे कारखान्याच्या शेती विभागाला रोज माहीत असतं, कारण उसाची गाडी वेळेवर यायला लागते.

तुमच्या घरातलं, गावातलं कुणी तोडीला जात असेल, किंवा तुम्ही स्वतः लहानपणी फडावर राहिला असाल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. सकाळी किती वाजता उठायचात, पाणी कुठून यायचं, बायका दिवसातून किती वेळा पाणी प्यायच्या, एवढंच सांगा. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. या नोट्स घेऊन पुढचा भाग करतो. भेटू.